विद्यार्थी आणि मंडळी (चर्च) यांना मिशनकार्यात कसे सामील करून घ्यावे

१८०६ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी शेतात जमले असता पाऊस आला, तेव्हा गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी दूरदेशीच्या सुवार्ताकार्यासाठी, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पोहोचवण्याच्या कामासाठी, प्रार्थना केली. चार वर्षांनी परदेशी मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड स्थापन झाले, आणि त्याच बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. आपल्याकडे मिशनचा विषय निघाला की सर्वांत आधी पावतीपुस्तक बाहेर येते, म्हणून ही हकिकत पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत एकदा सविस्तर सांगावी.

मिशन रविवारी बाहेरचा वक्ता बोलावला, तरुणांना हात वर करायला लावले आणि फोटो काढले, यातून फारसे काही उभे राहत नाही. त्याऐवजी तरुण संघातील चार-पाच विद्यार्थी निवडून आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवावी व परीक्षेच्या दिवसांतही ती अर्ध्या तासापुरती का होईना, पाळावी. प्रार्थनेसाठी एकच जागा घ्यावी. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्यातील एखादा तालुका. तिथे कोणत्या बोली बोलल्या जातात, पाणी कुठून येते, दवाखाना किती अंतरावर आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून एका वहीत लिहावे. ‘सर्व जगासाठी’ केलेली प्रार्थना चुकीची नसते, पण पुढच्या आठवड्यात ती कोणाला आठवत नाही.

त्यानंतर सुट्टीत भेट द्यावी. जाण्यापूर्वी तिथल्या पाळकांना (पास्टरना) फोन करून ‘आम्ही काय आणू?’ असे न विचारता ‘तुमचे कोणते काम अडले आहे?’ असे विचारावे, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा जुने कपडे असे येते. निदान आठवडाभर राहावे, पहिले दोन दिवस मोबाइल पिशवीत ठेवावा आणि ज्यांच्या घरी उतरलो त्यांच्याबरोबर पाणी भरावे, भाकरी खावी, बोलीतील दहा-वीस शब्द शिकावेत. औषध, फी किंवा धान्य देताना त्याचा उपासनेशी कसलाही संबंध जोडू नये. अनेक राज्यांत धर्मांतराविषयी कायदे आहेत, पण कायदा नसता तरी प्रलोभन दाखवून सांगितलेली सुवार्ता ही सुवार्ता राहिली नसती. विद्यार्थ्यांना हेही दाखवावे की मिशनकार्य म्हणजे केवळ उपदेश नव्हे. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडमध्ये काम सुरू केले आणि खेड्यातील निरक्षर किंवा जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. नर्सिंगच्या, शेतकीच्या किंवा अकाउंट्सच्या विद्यार्थ्याला आपले शिक्षण कुठे लागू पडेल, हे अशा उदाहरणातून लवकर कळते.

मंडळीने काय करावे? मिझोरममधील मंडळ्यांचा ‘बुहफाइ थाम’ हा प्रघात आपल्याला सहज उचलता येईल. तिथे प्रत्येक वेळी भात शिजवताना गृहिणी मूठभर तांदूळ बाजूला काढते, तो गोळा करून विकला जातो आणि त्या पैशातून मिशनरी पाठवले जातात. आपल्याकडे तांदळाऐवजी ज्वारी चालेल. महिला संघाने घरोघरी एकेक डबा द्यावा, महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर व्हरांड्यात तराजू लावावा आणि तिथेच धान्य विकून हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवावा. हिशेब वाचला नाही तर तिसऱ्या महिन्यात डबे रिकामे येतात, हे मी लिहिले नाही तरी कोषाध्यक्षांना ठाऊक असेल.

आई-वडिलांना मात्र वगळू नये. मुलीला आठ दिवस आदिवासी पाड्यावर पाठवायचे म्हटल्यावर घरच्यांना वाटणारी काळजी ही विश्वासाची उणीव नव्हे. पाळकांनी मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांपैकी एकाला बरोबर घेऊन त्या मुलीच्या घरी जावे, मुक्काम कुठे आहे, सोबत कोण आहे, परतीची गाडी कोणती, हे सांगावे आणि ‘विचार करून कळवा’ म्हणून उठावे.

विद्यार्थी परतल्यावर येणाऱ्या पहिल्याच रविवारी त्यांना दहा मिनिटे बोलू द्यावे, आणि जे जमले नाही तेही सांगायला सांगावे. प्रार्थनेची वही त्या दिवशी मंडळीसमोर उघडावी, म्हणजे तिच्यातील नावे पुढच्या आठवड्यापासून म्हाताऱ्या मंडळींच्याही प्रार्थनेत येऊ लागतील.