माडग्याळ मेंढी घेताय? आधी तोंड उघडून बघा

लाखांच्या बोलीच्या बातम्या वाचून बरेच जण माडग्याळ घ्यायला निघतात आणि नुसतं नाक बघून सौदा करतात. पोपटासारखं बाकदार नाक, लांब मान, लोंबते कान, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, शिंगं नाहीत, ही ओळख खरीच आहे, पण सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या माळावर ही जात टिकली ती पायांच्या आणि दातांच्या जोरावर, त्यामुळे तेच आधी तपासा.

खालचा ओठ बाजूला करा. समोर दोन मोठे दात आले असतील तर मेंढी साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार असतील तर दोनच्या आसपास. झिजलेले किंवा फटी पडलेले दात असतील तर सोडून द्या, कोरडं खुरटं गवत तिला खुडताच येणार नाही. मग डोळ्याची खालची पापणी ओढा, आतून लालसर गुलाबी पाहिजे, पांढरट दिसली की रक्त कमी आहे, बहुतेक वेळा पोटात जंत असतात. थोडं चालवून बघा, लंगडते का, खूर वाढलेत का. कासेला हात लावा, गाठ नको आणि दोन्ही सड चालू पाहिजेत. मेंढा घेत असाल तर दोन्ही अंडं सारखी आहेत ना ते दाबून बघा, लाजू नका.

२५-३० मेंढ्यांना एक मेंढा पुरतो, पण दोन वर्षांनी तो बदलाच, नाहीतर त्याच्याच पोरी त्याच्याकडून गाभण राहतात आणि पुढची कोकरं बारीक होत जातात.

गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात चराईवर भागत नाही, कडबा, तुरीचा भुसा, बाभळीच्या शेंगा आणि थोडा भरडा द्या. गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर मात्र मेंढ्यांना अजिबात नको, त्यातलं तांबं लिव्हरमध्ये साठत जातं आणि चांगली दिसणारी मेंढी एकदम मरते, मेंढ्यांचं वेगळं मिळतं तेच आणा.

कोकरू जन्मलं की नाळेला आयोडीन आणि तासाभरात चीक. आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होऊन होणाऱ्या रोगाची) लस पावसाळ्याच्या आधी टोचून घ्या, कारण पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत अधाशीपणे खाऊन धष्टपुष्ट कोकरंच आधी जातात. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या विषाणूजन्य रोगाची) लस कधी ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा आणि नवीन आणलेली मेंढी दोन-तीन आठवडे कळपापासून वेगळी बांधा.