बोअरच्या पाण्यासाठी घरी आरओ कसा बसवावा

आरओ घ्यायचा की नाही हे दुकानात ठरवू नका, आपल्या नळाच्या पाण्यावरून ठरवा. दोन-तीनशे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो. ग्लासभर पाण्यात तो बुडवायचा आणि आकडा वाचायचा. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत, याचा तो अंदाज असतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस ५०० पर्यंत चांगला मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं.

मुंबईत भातसा-वैतरणेचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पालिकेचं पाणी येत असेल, तर आकडा ५०० च्या खूप खाली दिसेल. अशा घरी आरओ लावू नका. मुळात गोड असलेल्या पाण्यातले क्षार काढायचे आणि त्यासाठी तिप्पट पाणी मोरीत सोडायचं, याला काही अर्थ नाही. तिथे जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचा) किंवा यूएफ (बारीक छिद्रांच्या पडद्याचा) फिल्टर पुरतो. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओ वापरू देऊ नये, असंच म्हटलं होतं.

आरओची खरी गरज वेगळ्या घरांना आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या, किंवा शहराच्या कडेला बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या घ्या. पाणी मचूळ लागतं, डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात. असं असेल तर पुढे वाचा.

आधी पाणी तपासून घ्या

टीडीएस मीटरला जंतू कळत नाहीत, फ्लोराइड आणि नायट्रेटही वेगळे ओळखता येत नाहीत. बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा तरी प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. अहवालात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर आहे का, ते पाहा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या वाचकांनी फ्लोराइडचा आकडा मुळीच सोडू नये. तिथे अनेक गावांत त्याने दात आणि हाडं बिघडलेली आहेत, आणि पाण्याच्या चवीवरून तो ओळखू येत नाही.

आत काय चालतं

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने पाणी सुटतं. फोडीतलं पाणी आपणहून बाहेरच्या खारटपणाकडे जातं. आरओमध्ये हा प्रवास जोर लावून उलटा करायचा असतो. खाऱ्या पाण्यावर दाब द्यायचा आणि त्यातलं फक्त पाणी पातळ पडद्यातून पलीकडे ढकलायचं. १००० टीडीएसमागे साधारण ०.७ बार दाब तर नुसता नैसर्गिक ओढ मोडण्यातच जातो, म्हणून यंत्रात बूस्टर पंप लागतो. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी पुरेसं पाणी सोडणारा पडदा तयार केला, आणि मग हे तंत्र वापरण्याजोगं झालं.

आपल्या घरच्या यंत्रातली मेम्ब्रेन म्हणजे पॉलिअमाइडचा पडदा नळीभोवती गुंडाळलेला असतो. तिला क्लोरीन अजिबात सोसत नाही आणि गाळाने ती तुंबते. म्हणून पाणी आधी गाळ अडवणाऱ्या कँडलमधून, मग कार्बनमधून जातं आणि त्यानंतरच पंपाने मेम्ब्रेनवर येतं. कार्बन बदलायचा राहिला तर टँकरमधलं क्लोरीन थेट मेम्ब्रेनपर्यंत पोचतं आणि शे-दोनशेच्या कंजुषीपायी हजार-दोन हजारांची मेम्ब्रेन जाते.

बसवताना

जागा सिंकजवळची निवडा, म्हणजे वेस्टची, म्हणजे काढलेले क्षार घेऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याची, नळी उतारावर सोडता येते. ऊन येणारी भिंत नको, टाकीत शेवाळ धरतं. गॅसच्या वरही नको. टाकी भरल्यावर यंत्र चांगलंच जड होतं, म्हणून ड्रिलने भोकं पाडून नीट फिशर ठोका. पोकळ टाइलवर भरवसा ठेवू नका. जवळ ५ अँपियरचा प्लग हवा.

मग कॉक बंद करून नळाच्या लाइनवर इनलेटचा छोटा व्हॉल्व्ह बसवा. आट्यांवर टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळा. लाइन थंड पाण्याचीच आहे ना, हे हात लावून बघा. गिझरच्या लाइनवर जोडलेली मेम्ब्रेन टिकत नाही, कारण ४५ अंशांच्या वरचं पाणी तिला चालत नाही. गच्चीवरची टाकी तुमच्या स्वयंपाकघराच्या लगेच वर असेल तर दाबाचाही विचार करा. १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो. टाकी जेमतेम दोन-तीन मीटर वर असेल, तर पंपाला पुरेसं पाणी पोचत नाही आणि यंत्र सारखं बंद-चालू होतं.

त्यानंतर बाहेरचा प्री-फिल्टरचा बाउल. त्यात पांढरी स्पनची कँडल घाला आणि रबरी रिंग खाचेत नीट बसली आहे ना ते बघून आवळा. बाउलच्या डोक्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने हवा. मेम्ब्रेन न जोडता पाच मिनिटं पाणी बादलीत सोडा. नव्या कार्बनची काळी भुकटी निघून जाऊ द्या, ती मेम्ब्रेनवर जाता कामा नये.

आता मेम्ब्रेन. तिच्या एका टोकाला बारीक नळी आणि त्यावर दोन छोट्या ओ-रिंगा दिसतील. ते टोक हाउसिंगमध्ये आधी जातं. दुसऱ्या टोकाची मोठी काळी रबरी कड झाकणाकडे राहते. ओ-रिंगांना साध्या पाण्याचा हात लावा आणि मेम्ब्रेन हलकेच फिरवत शेवटपर्यंत दाबा. ओ-रिंग दुमडली तर खारं पाणी बाजूने चोरवाटेने शुद्ध पाण्यात मिसळतं आणि दोष मात्र बिचाऱ्या मेम्ब्रेनला लागतो. हाउसिंगला झाकणाच्या बाजूने पाणी आत येतं. दुसऱ्या बाजूला दोन तोंडं असतात: मधलं शुद्ध पाण्याचं, कडेचं वेस्टचं.

वेस्टच्या नळीवर एफआर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर, असतोच. तो वाट अरुंद करतो म्हणून मेम्ब्रेनवर दाब टिकतो. वेस्ट कमी व्हावं म्हणून काही जण जास्त अरुंद एफआर टाकून घेतात. खाऱ्या पाण्यावर हे करू नका. क्षार धुऊन जाण्याऐवजी मेम्ब्रेनवरच थर धरतो.

नळ्या ब्लेडने सरळ कापा, तिरक्या नको. कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत घाला, ओढून पाहा, मग लॉक क्लिप लावा.

चालू केल्यावर

पहिल्या दोन टाक्या ओतून द्या. नवी मेम्ब्रेन खराब होऊ नये म्हणून तिला रसायन लावलेलं असतं. मग मोजायला बसा. शुद्ध आणि वेस्ट अशा दोन्ही नळ्यांखाली मापाची दोन भांडी एक मिनिट धरा. ७५ जीपीडीच्या, म्हणजे दिवसाला ७५ गॅलनच्या, मेम्ब्रेनकडून मिनिटाला सुमारे २०० मिली शुद्ध पाणी मिळायला हवं. थंडीत धार बारीक होते, पाणी १० अंशांनी गार असेल तर पाव हिस्सा घट सहज येते. त्यात यंत्राचा दोष नाही. वेस्ट शुद्ध पाण्याच्या दोन-तीन पट निघतं.

टीडीएस मोजा. आत १४०० असेल तर बाहेर १४० च्या खाली यायला हवा. खूपच खाली आला की तंत्रज्ञ टीडीएसचा स्क्रू फिरवून थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणजे चव सुधारते. अहवालात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर हा स्क्रू पूर्ण बंद ठेवायला सांगा. नाहीतर काढलेलं विष आपणच परत ओततो.

वेस्टचं पाणी वाया घालवू नका. शौचालयात, फरशी पुसायला, अंगण धुवायला ते उत्तम. झाडांना मात्र नको. आत १४०० टीडीएस आणि वेस्ट तिप्पट असेल, तर वेस्टचा टीडीएस १८०० च्या पुढे जातो आणि कुंडीतली माती खारावते. फ्लोराइडच्या गावांत ते गुरांनाही पाजू नका.

देखभाल

बाहेरची कँडल तपकिरी झाली की बदला. टँकरच्या पाण्यात ती महिन्या-दोन महिन्यांतही होते. कार्बन सहा महिने ते वर्षभर टिकतो. मेम्ब्रेन मात्र तारखेवर बदलू नका, मीटर लावा. आत १४०० आणि बाहेर २५०-३०० यायला लागलं, तरच तिची वेळ आली. घरी येणारा माणूस दरवर्षी 'मेम्ब्रेन गेली' म्हणतो तेव्हा त्याच्यासमोरच दोन्ही पाणी मोजून दाखवायला सांगा. आठ-पंधरा दिवस गावी जाणार असाल, तर साठवणीची टाकी रिकामी करून प्लग काढा, आणि आल्यावर पहिली टाकी पिऊ नका, फरशी पुसायला वापरा.