नवी जात घेण्याआधी एन्ट्र्या मोजा
व्हर्च्युअल डॉग शोच्या गेममध्ये नवी जात घेताना नुसत्या फोटोवर भाळू नका. आधी अलीकडच्या शोंमध्ये तिच्या एन्ट्र्या किती होत्या ते बघा. एकेसीच्या (अमेरिकन केनेल क्लबच्या) नियमांवर बेतलेल्या गेममध्ये चॅम्पियनपदाला 15 गुण लागतात, त्यात दोन मेजर, म्हणजे एकाच शोमध्ये 3 ते 5 गुण देणारे विजय, हवेतच. आणि गुण ठरतात किती कुत्र्यांवर मात केली त्यावर. रिंगणात दोनच कुत्री असतील तर मेजर येणार कुठून? मग स्टडची, म्हणजे पैदाशीसाठी मिळणाऱ्या नरांची, वंशावळ उघडा. सगळे एकाच नराचे असले की लवकरच सावत्र भावंडांची जोडी लावावी लागते, म्हणजे पिल्लांत 12.5 टक्के अंतःप्रजनन. रंगांची जनुकं अजून जमत नसतील तर विझ्ला ही जात उत्तम, रंग एकच. शेल्टीत (शेटलंड शीपडॉग) मर्लला, म्हणजे ठिपकेदार-चट्टेदार रंगाच्या कुत्र्याला, मर्ल लावू नका. साधारण पाव पिल्लं डबल मर्ल (दोन्ही पालकांकडून मर्ल जनुक आलेली) निघतात, बहिरेपणाचा आणि अंधत्वाचा धोका घेऊन.