वाकलेला फ्लँज सरळ करताना गॅसचा टॉर्च कुठे धरायचा?

टी-जोडाला (आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, उभी पट्टी, म्हणजे वेब) दोन्ही बाजूंनी फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेला वेल्ड) मारला की फ्लँजच्या कडा वेबकडे उचलल्या जातात. घण मारत बसू नका. टॉर्च फुगीर बाजूला, म्हणजे फ्लँजच्या पाठीवर, वेल्डच्या बरोबर मागे एका रेषेत चालवा. तापलेलं लोखंड पसरू पाहतं, पण भोवतालचं थंड लोखंड त्याला जागा देत नाही. म्हणून ते तिथेच दबून जाड होतं आणि निवताना आकसून कडा परत खेचतं. खरं काम निवताना होतं, तापवताना नाही. तापवताना तर वाक उलट वाढलेला दिसेल, घाबरू नका.

साध्या माइल्ड स्टीलला ६५० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका. सावलीत जेमतेम दिसणारा मंद लाल रंग पुरे. भर उन्हात रंगावर विसंबू नका, टेंपरेचर चॉक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) वापरा. क्वेंच-टेंपर केलेल्या (तापवून झटकन थंड करून पुन्हा बेताने तापवलेल्या) पोलादाला मर्यादा आणखी कमी, तिथे उत्पादकाचा कागद आधी वाचा.

एक रेषा झाली की हाताला गार लागेपर्यंत थांबा, सरळपट्टी लावून मोजा, मगच दुसरी. घाईत जास्त ओढलं गेलं, तर दुसऱ्या बाजूने तापवण्याची दुप्पट मेहनत.