भावी सौरसंचासाठी वायरिंगमध्येच आयसोलेटरची तरतूद

घराचे बांधकाम किंवा जुन्या वायरिंगचे नूतनीकरण चालू असताना सौरपॅनेल लगेच घ्यायचे नसले, तरी मुख्य बोर्डापासून गच्चीपर्यंत एक स्वतंत्र लाइन ओढून तिच्या टोकाशी आयसोलेटर बसवून ठेवावा; कारण गिलावा आणि रंग झाल्यावर हेच काम काढले, तर पुन्हा झिरी मारावी लागते किंवा भिंतीवरून उघडे पाइप न्यावे लागतात. जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. घरमालकाने जागा ठरवावी, सामान पारखून घ्यावे आणि झिरी बुजण्यापूर्वी काम स्वतः पाहावे. पुढील विवेचन सिंगल फेज जोडणी असलेल्या एकमजली बंगल्यातील ३ किलोवॉटच्या संचाला धरून केले आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजनेतील घरगुती अनुदान ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबत असल्यामुळे बहुतेक घरांचा हिशेब याच आकड्याभोवती फिरतो.

आयसोलेटर म्हणजे केवळ दुवा तोडणारा स्विच. शॉर्ट सर्किट झाले किंवा प्रवाह वाढला, तरी तो स्वतःहून पडत नाही; ते काम एमसीबीचे आहे आणि ती मुख्य बोर्डात वेगळी असावीच लागते. दुरुस्ती करणाऱ्याला इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेचे घरगुती एसी विजेत रूपांतर करणारे यंत्र) घराच्या पुरवठ्यापासून पूर्णपणे अलग करता यावा, हा आयसोलेटरचा उपयोग. म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तोडणारा डबल पोल आयसोलेटर घ्यावा, थ्री फेज जोडणीला फोर पोल घ्यावा, आणि बंद स्थितीत ज्याच्या मुठीला कुलूप घालता येते असाच निवडावा. खाली वायरमन हात घालून बसलेला असताना गच्चीवर कुणी सहज मूठ फिरवली, तर काय होईल हे सांगायला नको. खरेदी करताना अंगावर आयएस/आयईसी ६०९४७-३ हे मानक छापलेले आहे का, ते पाहावे.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. ३,००० वॉटला २३० व्होल्टने भागले, की सुमारे १३ अँपिअर येतात. इन्व्हर्टरचा कमाल प्रवाह याहून थोडा जास्त असतो. त्यासाठी २० अँपिअरची एमसीबी पुरते. आयसोलेटर मात्र ३२ अँपिअरचा घ्यावा, कारण हा प्रवाह गिझरसारखा अर्धा तास वाहून थांबत नाही. ऐन उन्हाळ्यात, तापलेल्या डब्यातून, दुपारभर वाहत राहतो. पुढे ५ किलोवॉटपर्यंत वाढण्याचा विचार असेल, तर प्रवाह २२ अँपिअरच्या आसपास जातो. तेव्हा एमसीबी ३२ अँपिअरची आणि आयसोलेटर ४० अँपिअरचा लागेल.

वायरच्या जाडीबाबत हात आखडता घेऊ नये. १३ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. पण सौरसंचात वीज उलट दिशेने, म्हणजे गच्चीवरून बोर्डाकडे, ढकलायची असते आणि त्यासाठी इन्व्हर्टरला आपला व्होल्टेज घरातल्या व्होल्टेजपेक्षा थोडा वर न्यावा लागतो. बोर्ड आणि इन्व्हर्टर यांत २० मीटर अंतर असेल, तर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे अडीच व्होल्ट खर्ची पडतात. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये पावणेदोनच्या आसपास. फरक किरकोळ दिसतो. परंतु ज्या भागात भर दुपारी लाइनवर आधीच २५० व्होल्टच्या आसपास दाब असतो, तिथे एवढ्याशा वाढीनेही इन्व्हर्टर व्होल्टेज जास्त म्हणून बंद पडतो आणि नेमकी सर्वाधिक निर्मितीची वेळ वाया जाते. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, की ५ किलोवॉटचीही सोय होते.

आयसोलेटर इन्व्हर्टरच्या शेजारीच हवा, म्हणून आधी इन्व्हर्टरची जागा ठरवावी. थेट ऊन आणि पाऊस न लागणारी, हवा खेळती असणारी, गच्चीच्या दाराच्या आतली जिन्याच्या शेवटच्या टप्प्यावरची भिंत यासाठी उत्तम. जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, शिडीशिवाय हात पोहोचेल असा डबा बसवावा. डबा उघड्यावर येणारच असेल, तर तो आयपी ६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारा) असावा आणि वायर खालच्या बाजूने, ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या जोडातून) आत घ्यावी. वरून छिद्र पाडलेल्या डब्यात कोकणातला पाऊस पहिल्याच वर्षी शिरतो.

जोडणीपूर्वी मुख्य स्विच बंद करून टेस्टरवर न विसंबता मल्टिमीटरने फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ असे तिन्ही तपासावे. बोर्डाकडून येणारी फेज आणि न्यूट्रल आयसोलेटरच्या वरच्या टर्मिनलांना जोडावी. खालची टर्मिनले इन्व्हर्टरसाठी रिकामी ठेवावीत. पुढे संच चालू झाल्यावर आयसोलेटर उघडला, की पुरवठा गेल्याचे ओळखून इन्व्हर्टर थांबतो, पण वरची बाजू जिवंतच राहते, हे प्रत्येक दुरुस्तीवाल्याला अपेक्षित असते. म्हणून हा क्रम उलटू नये. मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून मगच ते टर्मिनलमध्ये घालावे आणि स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहावी, कारण ढिला स्क्रू तापतो. हिरवी अर्थ वायर स्विचमधून न नेता डब्याच्या अर्थ टर्मिनलवर जोडावी.

मुख्य बोर्डात या लाइनला मेन स्विचनंतर स्वतंत्र जागा द्यावी. घराच्या आरसीसीबीतून (वीजगळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) पुढे जाणाऱ्या वायरवर ती जोडू नये. सौरसंच आणि बाहेरचा पुरवठा दोन्ही एकाच बसबारला (बोर्डातल्या एमसीबींना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीला) वीज देणार असल्यामुळे बसबारची क्षमता दोन्हींच्या एमसीबींच्या बेरजेइतकी तरी असावी. मेन ४० अँपिअरची आणि सौर २० अँपिअरची असेल, तर ६३ अँपिअरचा बसबार पुरतो. तूर्त एमसीबी जागेवर बसवून बंद ठेवावी आणि सौरलाइनची टोके तिला न जोडता इन्सुलेटेड कनेक्टरमध्ये बंद करून बोर्डातच ठेवावीत. मीटरच्या बोर्डाजवळही थोडी भिंत मोकळी सोडावी. महावितरणच्या नेट मीटरखेरीज (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरखेरीज) निर्मिती मोजणारे मीटर बसवण्याची वेळ आली, तर तीच जागा उपयोगी पडते.

डीसी बाजूचा, म्हणजे पॅनेल आणि इन्व्हर्टर यांमधला, आयसोलेटर मात्र आत्ता घेऊ नये. सहा पॅनेल मालिकेत जोडली, तर सुमारे ३०० व्होल्ट डीसी तयार होतो. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत असल्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीमध्ये ती तशीच जळत राहू शकते, म्हणून तिथे एसीचा स्विच लावणे म्हणजे आगीला निमंत्रण. शिवाय योग्य स्विच पॅनेलच्या जुळणीवर आणि इन्व्हर्टरवर अवलंबून असतो, आणि अनेक इन्व्हर्टरमध्ये तो अंगभूतच असतो. ऑस्ट्रेलियात छतावर डीसी आयसोलेटर सक्तीचे होते. पाणी शिरून त्यांतूनच आगी लागू लागल्याने २०२१ च्या सुधारित मानकात ती सक्ती सैल झाली. तेव्हा डीसीसाठी सध्या फक्त २५ मिलिमीटरचा रिकामा पाइप, एसीच्या पाइपापासून वेगळा, गच्चीपासून इन्व्हर्टरच्या जागेपर्यंत टाकावा. आत ओढण्यासाठी नायलॉनची दोरी सोडावी आणि गच्चीवरचे तोंड खाली वळवून टोपीने बंद करावे.

अर्थिंगचे खड्डे अंगणात फरशी बसण्यापूर्वीच घ्यावेत. तडितरोधकाला एक, पॅनेलचा सांगाडा आणि डीसीला एक, एसीला एक, असे तीन खड्डे घेण्याची पद्धत रूढ आहे. तडितरोधकाची पट्टी घराच्या आतून न आणता बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली उतरवावी.

शेवटी, दोन्ही टोके सुटी असताना आयसोलेटर चालू स्थितीत ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांमधील इन्सुलेशन तपासून घ्यावे. १ मेगाओहम ही किमान मर्यादा आहे. नव्या वायरचे वाचन त्याच्या कितीतरी वर असले पाहिजे, आणि ते जेमतेम मर्यादेवर आले तर पाइपात वायर सोलली गेली असे समजून ती बदलावी. त्यानंतर आयसोलेटर बंद करून कुलूप घालावे. ‘सौरसंचासाठी राखीव, पुरवठा जोडलेला नाही’ अशी न पुसणारी पट्टी डब्यावर आणि मुख्य बोर्डातल्या एमसीबीवर लावावी, आणि झिरी बुजण्यापूर्वी पाइपांची छायाचित्रे मोजपट्टी धरून काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावीत.