जुन्या एअर रायफलचा नेम असा बसला

परभणीत ओळखीतून स्प्रिंगवाली 4.5 मिमीची एअर रायफल जुनी घेतली. शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी, त्यामुळं आपलं काम कागदी टार्गेटचं. पण 10 मीटरवर छर्रे वीतभर पसरायचे.

जो तो म्हणे, साईट (नळीवरची नेम धरायची खूण) बदला. अहो, साईट सरकली तर सगळे छर्रे एकाच बाजूला जातील. इथं एक वर तर एक खाली!

रायफल रिकामी आहे याची खात्री करून दस्त्याचे स्क्रू पाहिले. पुढचे दोन्ही चक्क बोटानं फिरत होते. स्प्रिंगच्या दणक्यानं ते ढिले होतातच. पुसून, निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून कसले. नळीतून चिंधी ओढली, तर शिशाची काळी भुकटी निघाली. चिंधी पांढरी येईस्तोवर ओढली. नळीत तेल मात्र टाकलं नाही. ते मागं, स्प्रिंग जिथं हवा दाबते त्या सिलिंडरमध्ये उतरलं की पेटतं, धूर निघतो आणि छर्‍याचा वेग कमी-जास्त होतो.

खरा फरक पकडीनं पडला. आमच्याकडं सगळे दस्ता आवळून, खांद्यात रुतवून धरतात. पण छर्रा नळीतून सुटायच्या आधीच ही रायफल हलते, आणि आवळलं की दर वेळी वेगळी हलते. म्हणून पुढच्या हाताचा तळवा नुसता रायफलखाली टेकवायचा, आवळायचं नाही. आता छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसतात. साईट शेवटी जराशी डावीकडं घेतली, बस्स.