इंटर्नशिपचे क्रेडिट पदरात पाडून घ्यायचे, तर…

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची इंटर्नशिप सहसा कामावरून अडत नाही, कागदावरून अडते. सहा आठवडे मशीनपाशी उभा राहिलेला मुलगा प्रमाणपत्रावर तारखा चुकल्या म्हणून हेलपाटे घालतो, आणि शेजारचा व्यवस्थित फाइल लावून मोकळा होतो. म्हणून आधी नियम, मग कारखाना.

एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) धोरणानुसार पदवीच्या चार वर्षांत मिळून 600 ते 700 तासांची इंटर्नशिप अपेक्षित आहे, तिला 14 ते 20 क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे 40 ते 45 तास. प्रत्यक्षात ती कोणत्या सत्रात, किती आठवडे, हे विद्यापीठ ठरवतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमाच्या आराखड्यात) ती तिसऱ्या वर्षात आहे: पाचवं सत्र संपल्यावर 4 ते 6 आठवडे, सहाव्या सत्रात 4 क्रेडिट आणि 100 गुण. सीनियरचं ऐकून ठरवू नका. तुमच्या पॅटर्नचा अभ्यासक्रम उघडा आणि तास, आठवडे, गुणांची विभागणी ही तीन उत्तरं विभागाच्या इंटर्नशिप समन्वयकाकडून लेखी घ्या.

तासांचा हिशेब कागदावर मांडा. 4 क्रेडिट म्हणजे किमान 160 तास. आठवड्याचे पाच दिवस, रोज 8 तास, असे चार आठवडे केले तर बरोबर 160 होतात. त्यात तीन दिवस ताप आला की 136, म्हणजे कमी. सहा दिवसांचा आठवडा असेल तर चार आठवड्यांत 192 होतात आणि चार दिवसांची सवड राहते. जेवणाची सुट्टी तासांत धरायची की नाही, हेही आधीच विचारून ठेवा.

अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिप यांची गल्लत नको. अप्रेंटिसशिप 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते, तिचा करार आणि विद्यावेतन वेगळं. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांना प्रवेश नव्हता, त्यामुळे सध्याची पात्रता तपासल्याशिवाय तिथे अर्ज भरण्यात वेळ घालवू नका.

मोठी कंपनी की छोटा कारखाना

नाव मोठं म्हणून सगळे मोठ्या कंपनीमागे धावतात. तिथे कॅन्टीन उत्तम, गेटपास झकास, पण बहुतेक वेळा दोन आठवडे नुसतं प्रेझेंटेशन आणि लांबवलेली औद्योगिक भेट होते. यांत्रिकी किंवा प्रॉडक्शनच्या मुलाला भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली किंवा बुटीबोरीतल्या वीस-तीस माणसांच्या जॉबवर्क युनिटमध्ये (दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून देणाऱ्या कारखान्यात) जास्त शिकायला मिळतं, कारण तिथे मालकच मशीनच्या सेटिंगला उभा असतो आणि रिजेक्शनचा (बाद मालाचा) फटका त्याच्याच खिशाला बसतो. अडचण एकच: तिथे एचआर नसतो. सगळी कागदपत्रं तुम्हालाच तयार करून न्यावी लागतात.

दोन महिने आधी सुरुवात करा. दिवाळीचा आठवडा कारखाने बंद, डिसेंबरअखेर काही मोठ्या प्लांटमध्ये देखभालीसाठी शटडाउन, मार्चमध्ये वर्षअखेरीची धावपळ. छोट्या युनिटमध्ये ईमेल पाठवून उपयोग नाही, स्वतः जा. सकाळी साडेदहा ते बाराच्या दरम्यान जा, तोवर शिफ्ट रुळलेली असते. शिफ्ट बदलायच्या वेळी गेलात तर कुणी वर मान करून बघणार नाही. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नव्हे. चक्कर वाया घालवू नका.

मालकासमोर "सर, इंटर्नशिप मिळेल का?" एवढंच म्हटलं की उत्तर ठरलेलं: "सध्या नाही, बघू." त्याऐवजी काय देणार ते सांगा. "ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियर-मायक्रोमीटर वापरता येतो, एक्सेल येतं. सहा आठवडे तुमच्या एका पार्टच्या रिजेक्शनची रोज नोंद ठेवतो आणि शेवटी कारणांनुसार तक्ता देतो." यात मालकाला पैसे जात नाहीत आणि हातात काहीतरी पडतं. मानधन मिळालं तर उत्तम, पण छोट्या ठिकाणी त्यावर अडून बसू नका.

उलट तुमच्याकडेच पैसे मागून "सर्टिफिकेटसह ऑनलाइन इंटर्नशिप" देणारे असतील तर तिथूनच परत फिरा. कंपनी खरी आहे का हे पाहायचं तर जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासता येतो, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंद सापडते. मामाच्या कारखान्यात जायला हरकत नाही, पण मग हजेरी आणि डायरी दुप्पट चोख ठेवा, कारण परीक्षकाला शंका पहिली तिथेच येते.

पहिल्या दिवसाआधीचे कागद

कॉलेजकडून शिफारसपत्र आणि ना-हरकत पत्र घ्या. त्यावर तुमचं नाव विद्यापीठाच्या नोंदीत आहे तसंच, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), वर्ग, कालावधी, एकूण तास आणि मार्गदर्शक प्राध्यापकाचं नाव हवं. कारखान्याकडून रुजू पत्र घ्या, ज्यात सुरुवातीची तारीख आणि तिथल्या मार्गदर्शकाचं नाव, पद, फोन असेल. मसुदा टाइप करून पेनड्राइव्हवर न्या. मालक लेटरहेडवर छापून सही-शिक्का देईल, बसून टाइप करायला त्याला वेळ नसतो.

विम्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. तुम्ही तिथले कामगार नसता, त्यामुळे कारखान्याच्या ईएसआयसीच्या (कामगार विम्याच्या) यादीत तुमचं नाव असेल असं गृहीत धरू नका. कॉलेजची विद्यार्थी अपघात विमा पॉलिसी इंटर्नशिपच्या काळात आणि आवाराबाहेर लागू आहे का, ते विचारा. नसेल तर स्वतःची वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा.

सेफ्टी शूज स्वतःचे न्या, तुमच्या मापाचे तिथे मिळतीलच असं नाही. कडं, अंगठी, ओढणी, सैल बाह्या घरी ठेवा. फिरत्या चकजवळ (धातूचा तुकडा पकडून फिरवणाऱ्या मशीनच्या भागाजवळ) हातमोजे घालायचे नाहीत: कापड अडकलं की हातही आत ओढला जातो. चिप (कापलेल्या धातूचा कीस) हाताने काढू नका, हुक किंवा ब्रश वापरा. एअर गनने अंगावरची धूळ उडवणारे दिसतील, त्यांचं अनुकरण नको. आणि ऑपरेटरने सांगितल्याशिवाय मशीन चालू करणारं सायकल स्टार्टचं बटण दाबायचं नाही.

सहा आठवड्यांत करायचं काय

पहिला आठवडा एका जॉबच्या (मशीनवर घडवायच्या पार्टच्या) मागे फिरा. कच्चा माल आला तिथपासून इनवर्ड तपासणी, कटिंग, टर्निंग, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), डीबरिंग (धारदार कडा काढणं), अंतिम तपासणी, पॅकिंग, डिस्पॅच. प्रत्येक टप्प्यावर मशीन कोणतं, गेज (मापाचं साधन) कोणता, माल किती वेळ नुसता पडून राहतो, हे लिहा. पडून राहण्याचा वेळ मशीनिंगपेक्षा कितीतरी जास्त निघेल.

दुसऱ्या आठवड्यात एकच मशीन धरा आणि मोजा. पूर्ण सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) घ्यायचा तर एका जॉबसाठी मशीनचं दार बंद झाल्यापासून पुढच्या जॉबसाठी ते बंद होईपर्यंत, असे सलग दहा जॉब. कटिंगचा वेळ आणि लोडिंग-अनलोडिंगचा वेळ वेगळे लिहा. घड्याळ हातात घेण्याआधी ऑपरेटरला आणि सुपरवायझरला सांगा. न सांगता उभे राहिलात तर टार्गेट वाढवायला कुणीतरी पाठवलंय, असं ऑपरेटरला वाटतं. मग तो मुद्दाम सावकाश काम करतो आणि तुमचे आकडे फुकट जातात. एक फेरी शिफ्टच्या सुरुवातीला घ्या, एक जेवणानंतर.

आता हिशेब. आठ तासांच्या शिफ्टमधून अर्धा तास जेवण आणि 15 मिनिटांचे दोन चहा वजा केले की 420 मिनिटं उरतात, म्हणजे 25,200 सेकंद. सायकल टाइम 92 सेकंद असेल तर 273 जॉब निघायला हवेत. प्रॉडक्शन रजिस्टरमध्ये 210 दिसतात. 63 जॉब कमी, गुणिले 92, म्हणजे जवळपास 97 मिनिटं कुठेतरी गेली. कुठे गेली, हाच तुमचा प्रोजेक्ट. इन्सर्ट (कापणारं पातं) बदलणं, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देणं, पहिल्या जॉबच्या तपासणीची वाट पाहणं, मटेरियल नसणं, क्रेन मोकळी नसणं: प्रत्येक थांब्याची वेळ आणि कारण दोन आठवडे लिहा, कारणांची बेरीज उतरत्या क्रमाने लावा. वरची दोन-तीन कारणंच बहुतांश वेळ खात असतात. त्यातल्या एकावर स्वस्तातला उपाय सुचवा, जमल्यास करून पाहा, आणि पुन्हा मोजा. आधीचे-नंतरचे आकडे नसलेल्या रिपोर्टमध्ये "उत्पादकता वाढली" असं लिहिलं की तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न तोच असतो: "किती वाढली?"

सिव्हिलवाल्यांनी साइटवर क्यूब टेस्टिंगपासून (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासण्यापासून) सुरुवात करावी. 150 मिमीच्या क्यूबचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिमी, म्हणून एम25 दर्जाच्या काँक्रीटला 28 दिवसांनी 25 न्यूटन प्रति चौरस मिमी यायला किमान 562.5 किलोन्यूटन भार घेतला पाहिजे. सात दिवसांचे आणि अठ्ठावीस दिवसांचे निकाल पोर कार्डशी (काँक्रीट ओतल्याच्या नोंदीशी) जोडा. हिशेब असा की चार आठवडे म्हणजेच 28 दिवस, त्यामुळे पहिल्याच दिवशी भरलेले क्यूबही तुमचे चार आठवडे संपल्यावरच फुटतील. ते डोळ्यांदेखत फुटायला हवे असतील तर सहा आठवडे घ्या. कॉम्प्युटरवाल्यांनी आधी गोपनीयतेचा करार वाचावा, कारण कोडचे स्क्रीनशॉट रिपोर्टमध्ये टाकता येतात की नाही हे तिथेच ठरतं.

डायरी, रिपोर्ट, प्रमाणपत्र

डायरी रोजच्या रोज, सही आठवड्याच्या आठवड्याला. शेवटच्या दिवशी एकाच पेनने, एकाच शाईने केलेल्या सगळ्या सह्या परीक्षकाला लांबून ओळखू येतात. "मशीनचे निरीक्षण केले" ही नोंद नव्हे. "ओडी (बाहेरचा व्यास) 32.02 ते 32.05 मिमी दरम्यान, वरची मर्यादा 32.04, तीन जॉब बाद, इन्सर्ट झिजलेला" ही नोंद.

रिपोर्टमध्ये कंपनीची माहिती दोन पानांत संपवा. वेबसाइटवरून उचललेला मजकूर साम्यतपासणीत पकडला जातो. फोटो परवानगीशिवाय काढू नका. ग्राहकाचं ड्रॉइंग छापू नका, त्याऐवजी पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव वगळून स्वतःचं रेखाचित्र काढा. सादर करण्याआधी कारखान्यातल्या मार्गदर्शकाला मसुदा वाचायला द्या.

प्रमाणपत्राचाही मसुदा तुमचाच. त्यात असावं: पीआरएननुसार नाव, पासून-पर्यंत तारखा, एकूण तास, विभाग, कामाचं एक वाक्य, सही करणाऱ्याचं नाव व पद, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख. तारखा रुजू पत्राशी आणि हजेरीशी जुळल्या पाहिजेत. प्रमाणपत्रावर "प्रोजेक्ट ट्रेनिंग" असा शब्द पडला आणि विभागाला "इंटर्नशिप" हवा असेल तर परत चक्कर पडते, म्हणून शब्दही आधीच विचारा. जागेवरच वाचून घ्या, घरी येऊन नव्हे.

मूळ प्रत कॉलेजात जमा होण्याआधी सगळं स्कॅन करा. नोकरी लागल्यावर पार्श्वभूमी पडताळणीत हेच प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, आणि तोवर सही करणारा दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून मालकाचा किंवा मार्गदर्शकाचा वैयक्तिक नव्हे, तर युनिटचा ईमेल आणि फोन त्याच फाइलमध्ये ठेवा.